बर्फ शाबूत होता

रक्त न्यायच्या पेटीचं झाकण लावलं की मी कागदाचा एक कपटा त्यात अडकवतो आणि ओढून बघतो. कपटा फाटला तर झाकण बसलं. अख्खा बाहेर आला तर पेटी परत कारखान्यात. ही परीक्षा मला कुणा इंजिनियरने शिकवलेली नाही. सांगोल्याची डाळिंबं ट्रकने चंदीगडच्या सेक्टर सव्वीसच्या मंडीत आणायचो, तेव्हा माल वाटेत तापू नये म्हणून जी धडपड केली तिच्यातून ती आली. पुढे डाळिंबं सुटली आणि पेट्या राहिल्या. आज इथल्या बऱ्याच प्रयोगशाळांत लस, रक्त, जे काही थंड ठेवायचं ते माझ्या पेटीत असतं. दहावी नापास माणसाने बनवलेल्या पेटीत.

मंडीत मी दोन गोष्टी शिकलो. भाव रुमालाखाली बोटं दाबून करायचा आणि चेहरा कोरा ठेवायचा, ही एक. दुसरी म्हणजे, जमलं नाही की उठून चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. दहा पावलांच्या आत हाक येते, "ओ मराठे, गल्ल तां सुण!" म्हणजे, ऐक तरी! आणि हाक मारणारा हरतो. या दहा पावलांवर मी कारखाना उभा केला, मुलीचं लग्न केलं, शहराबाहेर मुल्लानपूरला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. खाली एका बाजूला गहू, दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेले टॉवर. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली ती तिथेच रमली. "कधी येतेस?" विचारलं की "येते की," म्हणते आणि फोन नातवाच्या कानाला लावते. नातू श्वास घेतो, मी ऐकतो.

या शहरात माझं मराठी फक्त एका घरात चालायचं.

त्या घरातल्या मॅडम शास्त्रज्ञ. शिवालिकच्या पायथ्याशी एक संस्था आहे, तिथे त्या जनावरांच्या रक्तावर काम करतात. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या पेटीचा भाव इतका पाडला की मी खोलीच्या दाराशी जाऊन बायकोला फोनवर मराठीत म्हणालो, "बाई फार कडू आहे." मागून आवाज आला, "कारल्यासारखी की काढ्यासारखी? काढा गुणकारी असतो." मॅडम रत्नागिरीकडच्या निघाल्या. यजमान बदलीच्या नोकरीत, त्या वेळी ओडिशात होते. त्या आईला घेऊन सेक्टर सदतीसमध्ये वरच्या मजल्यावर राहायच्या. पुढच्या रविवारी मी जेवायला गेलो आणि मग चार वर्षं जात राहिलो.

त्यांच्या आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. कुळथाचं पिठलं वाढताना विचारायच्या, "तुमच्या घाटावर हे करतात का रे?"

"करतात, पण आमच्याकडे तिखट घालतात."

"मग ते पिठलं नाही, शिक्षा."

मॅडम मला दादा म्हणायच्या. मी त्यांना मॅडमच म्हणायचो, कारण बिल त्यांच्या नावाने निघायचं.

एका रविवारी त्यांनी मला त्यांचं काम समजावलं. हिमोग्लोबिन हे लाल पेशीतलं प्रथिन. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा, अंगभर फिरायचं, गरज असेल तिथे सोडायचा.

"हमाल," मी म्हणालो.

"हमाल, पण शहाणा. पकड फार घट्ट असेल तर माल सोडता येत नाही, फार ढिली असेल तर उचलताच येत नाही. इथे खाली हवेचा दाब भरपूर, ढिल्या पकडीवर भागतं. चार हजार मीटरवर दाब इतका उतरतो की ढिला हमाल रिकाम्या हाताने परत येतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या जनावरांत प्रथिनच बदललेलं सापडतं. अख्खं नाही. शेकडो दुव्यांच्या साखळीत एखाददुसरा दुवा वेगळा, आणि तेवढ्यावर पकड घट्ट होते."

"आणि खालचं जनावर वर नेलं तर?"

"तर ते हमालांची संख्या वाढवतं. लाल पेशी वाढतात, रक्त दाट होतं, काळजाला जास्त ओढावं लागतं. निभतं, पण प्रथिन तेच राहतं. रुळणं वेगळं आणि बदलणं वेगळं, दादा. बदलायला पिढ्या जातात."

त्यांच्या आई ताटात भात घालता घालता थांबल्या. "म्हणजे मी आणि तू रे. रक्त दाट करून राहिलोत इथे."

आम्ही तिघंही हसलो होतो.

मॅडमना हिमाचलातल्या स्पीतीच्या शेळ्या हव्या होत्या. तिकडच्या गावांत एक लहान चणीची, दाट लोकरीची शेळी असते. ती वर्षभर तिथेच राहते, बर्फातसुद्धा. तिच्या प्रथिनाची पकड खालच्या शेळ्यांपेक्षा घट्ट आहे का, आणि असली तर कुठल्या दुव्यामुळे, हा त्यांचा प्रश्न. खालच्या शेळ्यांचं रक्त मुल्लानपूरच्या आसपासच्या गावांतून घेऊन झालं होतं. परवानग्या आल्या. ऑगस्टच्या शेवटी एक जीप निघाली. तिच्यात मॅडम, जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले कुलूचे एक कंपाउंडर आणि माझ्या दोन पेट्या. पेट्यांबरोबर मी. माझं तिथे काही काम नव्हतं. पण इतका लांबचा प्रवास माझ्या पेट्यांनी केला नव्हता, आणि घरी तरी काय होतं?

कुंझुमची खिंड ओलांडून पलीकडच्या पहिल्या गावात उतरलो आणि सकाळी मॅडमना उठता येईना. डोकं फुटतंय, पाणी पोटात राहत नाही, ओठ निळसर. उंचीवरच्या रक्ताचा अभ्यास करणारी बाई उंचीनेच आडवी झाली. कंपाउंडर म्हणाले, "जी, इनको नीचे भेजो। अभी।" जीपमध्ये बसवताना त्यांनी माझ्या हातात फॉर्मचा गठ्ठा दिला.

"दादा, कंपाउंडरसाहेब रक्त काढतील. तुम्ही फक्त बर्फ बघा आणि फॉर्म नीट भरा. फॉर्म महत्त्वाचा आहे."

"मॅडम, तुम्ही झोपा. मी आहे ना."

जीप त्यांना मनालीला सोडून दुसऱ्या दिवशी येणार होती. मी गावात गेलो. ज्या घराशी आधी बोलणं झालं होतं, तिथली मोठी बाई घरामागच्या शेतात मटार तोडत होती. वाकलेली, पाठीवर टोपली.

"बकरियाँ ऊपर हैं," ती म्हणाली. "मटार निकल रहा है। तीन दिन रुको, फिर लाएँगे।"

"कल."

"तीन दिन."

"परसों सुबह. पक्का?"

"तीन दिन. चाय पियो."

मी मंडीतला माणूस, मला हे कुणी समजावायला हवं होतं का? तिच्या मटाराचा ट्रक दोन दिवसांनी सेक्टर सव्वीसलाच उतरणार होता. तोडणीच्या दिवसांत शेतकऱ्याला कुणी उठवत नाही, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? पण बर्फ सहा दिवसांचा होता आणि दोन दिवस वापरून झाले होते. खाली काझा गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात फ्रीज आहे, तिथे बर्फाच्या थैल्या पुन्हा गोठवून मिळाल्या असत्या, हेही मला माहीत होतं. तरी मला तीन दिवस मान्य करायचे नव्हते. मी "रहने दो," म्हणालो, वळलो आणि चालू लागलो.

दहा पावलं झाली. वीस झाली. बांधाच्या टोकाला पोचून मी मागे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. ती पुन्हा वाकून मटार तोडत होती. तिने मला हरवलं नव्हतं, ती खेळतच नव्हती. पण ही समज आत्ताची. तेव्हा माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

जीप आल्यावर आम्ही खिंडीच्या दिशेने परत निघालो आणि अर्ध्या वाटेवर माळावर एक कळप दिसला. दोनेकशे शेळ्या-मेंढ्या, ताडपत्रीचा तंबू, दोन केसाळ कुत्री. मेंढपाळ लोकरी झग्यावर कमरेला काळा दोर गुंडाळून बसला होता. मी फोनवर उंची बघितली, चार हजार शंभर मीटर. बकरी आहे, उंची आहे, अजून काय पाहिजे?

मेंढपाळाशी सौदा चहा पिऊन होईपर्यंत जमला. त्याच्या एका कुत्र्याच्या पायाला जखम होती. कंपाउंडरांनी ती धुऊन मलम लावलं, मी बॅटरीचे सेल आणि चहापत्तीचा डबा दिला. "ले लो बाबूजी, जितना चाहिए," तो म्हणाला. मी मनात त्या मटारवाल्या बाईला म्हणालो, बघ.

कंपाउंडर सुई तयार करताना म्हणाले, "साहब, एक बात…"

"बात बाद में. पहले सुई."

ते गप्प झाले. सरकारी नोकरीत माणूस गप्प व्हायला शिकतो.

शेळीला मांड्यांत धरायचं, मान वर करायची, मानेची शीर अंगठ्याने दाबायची. हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त घ्यायचं, म्हणजे ते साकळत नाही. नळी हलवायची नाही, फक्त सावकाश उलटीपालटी करायची. एका पांढऱ्या शेळीचा उजवा कान मधोमध फाटलेला होता, बिबट्याने धरला होता म्हणे. तिने कंपाउंडरांची टोपी उडवली आणि माझ्या गुडघ्यावर असा खूर मारला की महिनाभर जिना चढताना आठवण यायची. तिसऱ्या प्रहरापर्यंत चोवीस नळ्या झाल्या.

मग मी जीपच्या बॉनेटवर फॉर्म भरले. त्यात एक रकाना होता. जनावर जन्मापासून याच उंचीवर राहतं का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. मेंढपाळ वीस पावलांवर बसला होता. विचारलं नाही. सौदा झाल्यावर प्रश्न विचारायचा नसतो, हा मंडीचा तिसरा नियम, जो कुणी कुणाला शिकवत नाही. मी चोवीस वेळा 'हो'च्या चौकोनात खूण केली.

चंदीगडला मॅडमनी स्वतः पेटी उघडली. चेहरा अजून फिकट होता. बर्फाच्या थैल्या कडक होत्या, नळ्या वर्तमानपत्राच्या घडीत कोरड्या होत्या. तापमान नोंदवणारं बटणाएवढं यंत्र असतं, त्याची रेघ सरळ आली. मॅडम खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दादा, बर्फ शाबूत आहे!"

हे वाक्य मी जपून ठेवलं. कारण अडीच महिन्यांनी त्याच मॅडम खरेदी समितीच्या बैठकीत म्हणाल्या की स्पीतीच्या नमुन्यांत प्रथिनाची पकड ढिली येते आहे, तिथल्या जनावरात ती इतकी ढिली असणं शक्य नाही, नमुने वाटेत बिघडले असावेत, पेट्यांचा दर्जा तपासून घ्यावा. मी बैठकीत नव्हतो. भांडाराच्या क्लार्कने सांगितलं.

मी त्याच दिवशी संस्थेत गेलो. मॅडम कॉरिडॉरमध्ये दोन सहकाऱ्यांशी बोलत उभ्या होत्या. मी यंत्राची सरळ रेघ छापून नेली होती, ती त्यांच्यासमोर धरली. एवढं पुरे होतं. पण मी थांबलो नाही. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हणालो, "जो मैडम खुद एक रात ऊपर नहीं टिक सकीं, वो मेरी बर्फ को टिकना सिखाएँगी?"

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद घेतला, चार घड्या केल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे." मराठीत. मग खोलीत गेल्या.

मी चालू लागलो. हाकेची वाट बघत.

त्या रविवारी गेलो नाही. पुढच्याही नाही. एक वाजला की भूक लागायची ती कुळथाचीच. फ्लॅटच्या काचेतून खालचा गहू हिरवा होताना, पिवळा होताना, कापला जाताना पाहिला. कामगारांशी हिंदी, ग्राहकांशी पंजाबी, आणि रागावलो की स्वतःशी मराठी. माझं सगळं मराठी त्या वर्षी भांडणात गेलं. आंघोळ करताना, गाडी चालवताना मी मॅडमशी भांडायचो. त्या बोलायच्या, मी तोडून टाकायचो. रोज जिंकायचो. माणसाला सोबत लागते, मग ती गाऱ्हाण्याची का असेना.

सात-आठ महिन्यांनी एक ईमेल आला. इंग्रजीत, तीन छोटी वाक्यं. नमुने शाबूत होते. चूक माझी होती. क्षमस्व.

मी तो पंचवीस वेळा वाचला आणि उत्तर दिलं नाही. बदनामी चारचौघांत करायची आणि माफी ईमेलवर मागायची? त्यांनी घरी यावं, निदान फोन करावा. दहा पावलं म्हणजे दहा पावलं.

क्लार्ककडून पुढचं कळलं. मॅडमनी रक्ताऐवजी जनुकं वाचून घेतली होती. जनुक थंडी-उन्हाने बदलत नाही. त्यातही प्रथिन साधंच निघालं, मुल्लानपूरच्या शेळीसारखं. म्हणून त्यांना पेटीवरचा आरोप मागे घ्यावा लागला. आता त्या लिहीत होत्या की स्पीतीच्या शेळीत प्रथिन बदललेलं नाही, ती नुसती रक्त दाट करून जगते. "सब हैरान हैं," क्लार्क म्हणाला, "मैडम भी. पर जो आया सो आया." मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी बरोबर ठरलो होतो.

जानेवारीत सिसवानकडच्या रस्त्याने एका गिऱ्हाइकाकडे निघालो होतो. धुकं होतं. एका वळणावर गाडी थांबवावी लागली, शेळ्या-मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मी हॉर्नवर हात ठेवला. धुक्यातून एक माणूस पुढे आला, लोकरी झगा, कमरेला काळा दोर. वाकून काचेतून बघितलं आणि हसला.

"ओ, बर्फवाले बाबूजी!"

मी काच खाली केली. त्याच्यामागून एक पांढरी शेळी गेली. उजवा कान मधोमध फाटलेला.

"तुम इधर?" मी विचारलं.

"और किधर? सर्दी में तो हम हर साल इधर ही."

"हर साल?"

"बाप-दादा के टाइम से. जून में ऊपर, अक्टूबर में नीचे. हम गद्दी लोग हैं जी, भेड़-बकरीवाले." त्याने शेळीच्या पाठीवर थाप मारली. "ये तो पैदा भी इधर ही हुई. वो सामने, खड्ड के पास."

"मला सांगितलं का नाहीस?" मी मराठीतच ओरडलो, मग हिंदीत.

तो अजिबात चिडला नाही. "आपने पूछा कब?"

खड्ड म्हणजे ओढा. माझ्या घरापासून तो गाडीने पाऊण तासावर होता. ज्यांचं रक्त मी आकाशाला टेकलेल्या शेळ्यांचं म्हणून आणलं, त्या दर हिवाळ्यात माझ्या खिडकीपलीकडच्या टेकड्यांत चरत होत्या. कंपाउंडरांची ती "साहब, एक बात" मला आता पूर्ण ऐकू आली. लहानपणी मी स्वतः शेळ्या राखल्या आहेत. लहान चणीची, दाट लोकरीची, असं मॅडमनी दहा वेळा सांगितलं होतं. या उंच, लांब पायांच्या. मला दिसत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

बर्फ शाबूत होता. शेळ्या चुकीच्या होत्या. आणि मॅडम जे छापणार होत्या ते माझ्या चोवीस खुणांवर उभं होतं. स्पीतीच्या शेळीचं रक्त त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

तीन दिवस मी गप्प बसलो. कुणाला कळणार होतं? मेंढपाळ शास्त्राचे कागद वाचत नाही. मी बोललो नाही तर बरोबर ठरलेला माणूस म्हणून मरेन. बोललो तर वर्षभर रोज जिंकलेलं भांडण हातातून जाणार होतं, आणि मग घरात काय उरणार होतं, तेही मला माहीत होतं.

रविवारी एक वाजता मी सेक्टर सदतीसचा जिना चढलो. दार त्यांच्या आईने उघडलं. काठी आली होती हातात.

"मेल्या," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं. म्हातारी आहे की गेली, एक फोन नाही?"

"चुकलं."

"हा शब्द येतो होय तुला?"

आत मॅडम टेबलाशी उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. मटारवाली बाई, माळावरचा कळप, फाटका कान, सिसवानचा रस्ता. मॅडमनी तांब्या खाली ठेवला.

"फॉर्म कोणी भरला?"

"मी."

"सगळे?"

"सगळे."

"तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. खरंही वाटलं असतं.

"विचारलं असतं तर कळलं असतं," मी म्हणालो. "म्हणूनच विचारलं नाही."

त्यांनी टेबलावरचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "मी तुमच्या पेटीवर आळ घेतला. माझी चूक होती ती, मी मान्यही केली. पण ही एक गोष्ट मी कधी तपासली नाही. त्या फॉर्मवर तुमची सही होती, म्हणून."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या आतल्या खोलीत गेल्या. त्यांच्या आईने ताट घेतलं, पुसलं, पुन्हा ठेवलं. वाढावं की नाही ते त्यांना कळेना. मॅडम वही घेऊन बाहेर आल्या, आणि आवाज कामाचा झाला होता.

"कळप अजून तिथेच आहे?"

"मार्चपर्यंत."

"कानावरून एक ओळखू येते. बाकीच्या?"

"तो प्रत्येकीला ओळखतो."

"याच जनावरांचं वरचं रक्त माझ्याकडे आहे. आता खालचं मिळालं तर एकाच शेळीचं दोन्हीकडचं होईल. पेशी किती चढतात, किती उतरतात, प्रथिन कसं तसंच राहतं." त्या हे मला सांगत नव्हत्या, वहीला सांगत होत्या. "स्पीतीच्या शेळ्या वेगळ्या. त्यासाठी पुन्हा वर जावं लागेल. मी जाईन. हळूहळू चढेन, मटार संपेपर्यंत थांबेन." मग मान वर केली. "परवानगीला आठवडा लागेल. मग सकाळी आठला आपण फक्त जागा दाखवा. फॉर्म मी भरेन."

दादा नाही. तुम्हीही नाही. आपण.

"जेवून जाऊ दे त्याला," आई म्हणाल्या.

मी मॅडमकडे बघितलं. त्या वहीत लिहीत होत्या. मी चपला घातल्या. जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. मी सावकाश उतरलो.

पुढच्या आठवड्यात ठरल्या दिवशी आठला मी सिसवानच्या ओढ्याशी होतो. मेंढपाळाने शेळ्या एकेक करून ओढून आणल्या, मी धरल्या, कंपाउंडरांनी रक्त काढलं. या वेळी ते बरंच बोलले आणि मी ऐकलं. मॅडम दगडावर बसून प्रत्येक शेळीमागे मेंढपाळाला विचारत होत्या. कुठे जन्मली, कधी वर गेली, आई कुठली. तो सांगत होता आणि त्या लिहीत होत्या. फाटक्या कानाची शेळी या वेळी लाथ मारायला विसरली. तिची मान माझ्या तळहाताखाली गरम होती आणि शीर उडत होती.

शेवटची नळी झाल्यावर मॅडमच्या ड्रायव्हरने गाडीतून पेटी आणली. निळी, चकचकीत, दुसऱ्या कंपनीची. मॅडमनी नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, बर्फापासून लांब रचल्या, झाकण लावलं आणि फॉर्म घेऊन मेंढपाळाकडे सही घ्यायला गेल्या.

मी खिशातून पावतीचा एक कपटा काढला, झाकणात अडकवला आणि ओढला. अख्खा बाहेर आला.

मी कडी सोडली. झाकण उचललं, कडेची रबराची पट्टी एका कोपऱ्यात दुमडली होती, ती नखाने सरळ केली, झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं आणि कडी लावली. पुन्हा कपटा अडकवला. या वेळी तो फाटला.

मॅडम परत आल्या, पेटी उचलली, गाडीत ठेवली. जाताना कंपाउंडरांना नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. गाडी वळणापलीकडे गेली. मेंढपाळाने चहा ठेवला होता. कपट्याचा अर्धा तुकडा माझ्या मुठीत होता, तो खिशात टाकून मी तिथेच दगडावर बसलो.